कारणाच्या रकान्यात

शिट्टी थांबली आणि त्याच क्षणी बसही थांबली. मिसुझु नारिताला आश्चर्य वाटले ते एवढ्याचेच.

नऊ वर्षे ती हिरोसाकीच्या आगारात सकाळी पावणेसातला बसच्या मागे उभी राहत आली होती. पांढरा हातमोजा घातलेला हात हलवायचा, शिट्टी फुंकायची आणि बस मागे घ्यायची. दोन आखूड फुंकरी म्हणजे ‘या’, एक लांब फुंकर म्हणजे ‘थांबा’. नेहमीचे चालक मिकामी शिट्टीला सल्ला मानीत, आज्ञा नव्हे. लांब फुंकर संपल्यावरही त्यांची बस हातभर मागे सरके, आणि मिसुझु सवयीने तितकीच मागे होई. आजही ती मागे झाली. पण बस सरकली नाही. दोघींच्या मध्ये हातभर रिकामी जागा उरली आणि त्या जागेतून नोव्हेंबरचा गार वारा गेला.

चालकाच्या खिडकीशी ती पोहोचण्याआधीच एक अनोळखी माणूस खाली उतरून टोपी हातात घेऊन उभा होता. चाळिशीच्या अलीकडचा, उंच, किंचित वाकलेला – छत कमी उंचीचे असलेल्या घरात वाढल्यासारखा.

“मिकामी-सानची कंबर धरलीय. मी त्सुकिदाते. हाचिनोहेच्या आगारातून तीन दिवसांसाठी उसना आलोय.”

“हाचिनोहे? म्हणजे नान्बूचे.”

“हो. आणि तुम्ही त्सुगारूच्या. भांडण करायचं असेल तर आत्ताच उरकून घेऊ, नारिता-सान. नंतर गाडीत प्रवासी असतील.”

तिचे नाव त्याने छातीवरच्या पट्टीवरून वाचले होते, हे तिच्या उशिरा लक्षात आले.

“दोन जुन्या संस्थानांचं चारशे वर्षांचं भांडण पाच मिनिटांत उरकत नाही.”

“तीन दिवस आहेत की,” तो म्हणाला आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

त्या सहलीचे नाव कंपनीने काहीतरी काव्यमय ठेवले होते. आगारात मात्र सगळे तिला ‘एकट्यांची सहल’ म्हणत. एकट्यानेच नाव नोंदवायचे, असा तिचा नियम होता. प्रत्येकाला दोन आसने मिळत – एक स्वतःसाठी, दुसरे पिशवीसाठी. कोणी कोणाला ‘एकटेच का आलात?’ असे विचारायचे नाही, हा न लिहिलेला नियमही सगळे पाळत. चौदा माणसे, अठ्ठावीस आसने. अपवाद एकच होता, पहिल्या आसनावरच्या कुरेमात्सुबाईंचा. नागोयाच्या या निवृत्त गणिताच्या शिक्षिका कोणताही नियम तपासून पाहिल्यावाचून मान्य करीत नसत.

मिसुझु पुढच्या बाजूला, चालकाच्या शेजारी, प्रवाशांकडे तोंड करून उभी राहिली. गाईडची जागा ही अशी असते. चालक येणारे पाहतो. गाईड गेलेले पाहते. डोंगर, पूल, देवळाची कमान – जे जे तिला दिसे ते मागच्या काचेतून लहान होत जाणारे असे. आणि प्रवाशांचा उजवा हात तो तिचा डावा. म्हणून डावा हात उचलून ‘आपल्या उजव्या बाजूला’ म्हणायचे, हे तिच्या अंगात इतके भिनले होते की त्यासाठी आता विचार लागत नसे.

तसा विचार तिला कशालाच लागत नसे. एकशे अठरा पानांचा पाठ होता. त्यात किल्ल्यासाठी सहा मिनिटे होती, सफरचंदांसाठी चार, रस्त्यात काहीच नसेल तेव्हासाठी दोन विनोद आणि एक गाणे. आई जाऊन तीन वर्षे झाली होती. तेव्हापासून घरी बोलायला कोणी नव्हते; आणि न वापरलेल्या खोलीसारखी तिची स्वतःची वाक्ये हळूहळू बंद पडली होती. परवाच दुकानातल्या मुलीने ‘पिशवी हवी का?’ असे विचारले, तर मिसुझुच्या तोंडून सहलीच्या आवाजात “आपल्या आपुलकीबद्दल मनःपूर्वक आभारी आहे” असे निघाले होते. मुलगी हसली नाही, आणि मिसुझुला तेच जास्त लागले.

*

हिरोसाकीच्या किल्ल्यापाशी तिने चौदा जणांना मोकळे सोडले आणि वेळेआधी दहा मिनिटे वाहनतळावर परतली. त्सुकिदाते काचा पुसत होता.

“काय पाहिलंत?” त्याने विचारले.

“हा किल्ला सन सोळाशे अकरामध्ये–”

“ते ऐकलं मी मघाशी ध्वनिवर्धकावर. छान सांगता. पण मी विचारलं, तुम्ही काय पाहिलंत?”

ती थांबली. तिने आलेल्या वाटेकडे वळून पाहिले.

“मला खरंच ठाऊक नसतं,” तो काचेवरचा एक न दिसणारा डाग पुन्हा पुसत म्हणाला. “अकरा वर्षं झाली. लोकांना इतक्या ठिकाणी नेलं, पण मी पाहिली ती वाहनतळं. या किल्ल्याचं वाहनतळ चांगलं आहे, तीन गिंकोची झाडं आहेत. पण किल्ला आहे की नाही, हे मी तुमच्यावर विश्वास ठेवून चाललोय.”

“आहे,” ती म्हणाली. मग – “खंदकात चेरीची लाल पानं पडलीयत. पाणी दिसतच नाही. एक बदक त्यातून वाट काढत चाललं होतं, आणि... त्याच्या मागे वाट पुन्हा बुजत होती.”

त्याचा हात थांबला.

“हे पाठात नाही ना?”

“नाही.”

“मग ठीक,” तो म्हणाला आणि पुढच्या काचेकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. वारा तर दुसऱ्या बाजूने वाहत होता.

त्या दिवसापासून तिचे पाहणे बदलले. इवाकी पर्वताच्या पायथ्याशी गरम झऱ्यांच्या गावात सगळे पाय बुडवून बसले, तेव्हा वाफेत चौदा जणांचे चेहरे नाहीसे होऊन नुसते गुडघे उरले होते, हे तिने पाहून ठेवले. एखाद्या घरी जाताना फळे निवडावीत तशी ती दृश्ये निवडू लागली. नऊ वर्षे तीच ठिकाणे होती. ती कोणासाठी पाहायची, हे मात्र तिला आताच मिळाले होते.

आणि तीन दिवसांपैकी एक सरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्सुरुताच्या तळ्यावरच्या लांब लाकडी पुलाकडून ती परतली, तेव्हा तो विचारण्याची वाटच तिने पाहिली नाही.

“डोंगर उलटा दिसला. पाण्यात. आणि पुलावरून चालणाऱ्या कुरेमात्सुबाई सरळ. म्हणजे त्या डोंगराच्या पायांवर पाय देऊन चालल्या होत्या.”

“डोंगराला चाललं?”

“बाईंना विचारायची कोणाची छाती आहे?”

तो मोठ्याने हसला. मागून बसमध्ये चढणाऱ्या कुरेमात्सुबाईंनी पायरीवरच थांबून दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

“गाईडबाई, माझ्यावर हसण्याचा कार्यक्रम सहलीच्या पत्रकात नव्हता. पण असू दे. दोघं हसता आहात, तर चालेल.”

“माफ करा, बाई–”

“माफी कसली मागता? काल सकाळपासून पाहतेय. चालक आरशात पाहतो, तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर पाहता. तुम्ही त्याच्या मानेकडे पाहता, तेव्हा तो रस्त्याकडे पाहतो. दोन समांतर रेषा म्हणतात त्या ह्याच. त्या कधी भेटत नाहीत, असं मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं,” बाई आसनावर बसत म्हणाल्या, “आणि चाळीस वर्षं मला ते आवडलं नाही.”

मिसुझुने टोपी सारखी केली. टोपी आधीच सरळ होती.

*

तळ्यापासून पुढे मुख्य रस्ता बंद होता. सफरचंदांचा एक ट्रक कलंडला होता आणि पोलीस वाहने गावातून वळवीत होते. पावसात बर्फ मिसळू लागले होते. काचेवर थेंब पडत ते अर्धे वाहत आणि अर्धे चिकटून राहत. त्सुकिदातेला हे रस्ते ठाऊक नव्हते. मिसुझु वळली आणि त्याच्या शेजारी, समोर तोंड करून उभी राहिली.

असे ती क्वचितच उभी राहिली होती. वस्तू दुरून मोठ्या होत येताना पाहणे तिला विलक्षण वाटले. आधी एक लाल ठिपका, मग झाड, मग बाग. पण ती बागेकडे फार वेळ पाहत नव्हती. चाकावरचे त्याचे हात तिला प्रथमच इतक्या जवळून दिसत होते. डाव्या अंगठ्यावर एक जुनी, पांढरी पडलेली खूण होती. ती कशाची, हे विचारावे... उद्या संध्याकाळी तो जाणार, त्याआधी एवढे तरी विचारावे–

“पुढे फाटा आहे. कुठे घेऊ?”

रस्ता डावीकडे होता. तिचा डावा हात वर गेला आणि तोंडातून निघाले, “उजवीकडे.”

बस उजवीकडे वळली.

चूक तिच्या लक्षात आली तोवर दोन्ही बाजूंनी सफरचंदांच्या फांद्या काचांपर्यंत आल्या होत्या. वाट अरुंद होत होत एका शेडपाशी संपली, आणि त्याआधी बसच्या डाव्या कुशीवर एका लोखंडी खांबाने सावकाश, लांब ओरखडा काढला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

शेडमधून रबरी बूट घातलेली एक बाई बाहेर आली. तिने आधी बसकडे पाहिले, मग चालकाकडे.

“कुठले हो तुम्ही?”

“हाचिनोहेचा.”

“तरीच! नान्बूवाल्यांना सरळ रस्ता कधी सापडलाय? त्सुगारूवर चाल करून आलात तर तलवार तरी आणायची. ही एवढी बस कशाला?”

“चूक माझी आहे,” मिसुझु पुढे होत म्हणाली. “मी त्सुगारूची आहे.”

“मग तर काही बोलायलाच नको,” बाई म्हणाली आणि तिने शेडचे दार पूर्ण उघडले. “उतरा सगळे. खांब हलवल्याशिवाय गाडी मागे जायची नाही. नवरा साडेअकराला येतो, तेव्हा हलवील. तोवर चहा घ्या.”

चौदा जण उतरले. पत्रकात नसलेल्या त्या ठिकाणी सगळ्यांनी मिसुझुकडे पाहिले. तिच्या पाठात या बागेसाठी एकही ओळ नव्हती. मग तिची नजर शेवटी उतरलेल्या माणसाकडे गेली. टोपी काढून, छत्रीशिवाय, तो झाडांखाली पसरलेल्या रुपेरी कागदाकडे पाहत होता. पहिल्यांदाच तो वाहनतळाच्या बाहेर होता.

“हे बघा,” ती बोलू लागली, आणि तिचा आवाज सहलीचा आवाज नव्हता. “जमिनीवर हा चकाकणारा कागद घालतात, कारण ऊन फक्त वरून येतं. सफरचंदाची खालची बाजू सावलीत राहते. कागदावरून ऊन उलटं वर जातं आणि खालून फळ लाल होतं. आणि तरी जी बाजू राहते... ती माणसं हातानं फिरवतात. प्रत्येक फळ. माझी आई हे काम करायची. झाडाला सांगावं लागतं, असं म्हणायची ती. घाईनं फिरवलं तर फळ गळतं.”

“बरोब्बर,” बागवाली म्हणाली. “दिवसाला दोन हजार फिरवते मी. मग घरी जाऊन नवऱ्याची मान फिरवायला हात उचलत नाही.”

सगळे हसले. एकट्यांच्या सहलीत सगळे एकदम हसल्याचे मिसुझुला आठवत नव्हते. कोणी कोणाला कप देत होते. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी कुरेमात्सुबाईंसमोर सफरचंद धरले, बाईंनी ते तपासून घेतले. बर्फ-पाऊस शेडच्या पत्र्यावर बारीक वाजत होता. त्सुकिदातेने पानांआडचे एक फळ बोटांनी अगदी हळू फिरवले. त्याची फिकी, हिरवट बाजू बाहेर आली.

“हे ठिकाण मी पाहिलं,” तो तिला म्हणाला. “याचं काही सांगू नका मला.”

“काय पाहिलंत?” तिने विचारले.

तो तिच्याकडे पाहत राहिला. उत्तर देणार एवढ्यात खांब हलवायला बागवालीचा नवरा आला.

नंतर ती बसच्या मागे, गुडघाभर ओल्या गवतात, शिट्टी फुंकीत पाऊल पाऊल मागे सरकत राहिली आणि ती प्रचंड बस तिच्या फुंकरीवर फांद्यांमधून अलगद बाहेर आली. एकही फळ पडले नाही.

*

मुख्य रस्त्याला लागल्यावर त्सुकिदातेने बस थांबवून हिरोसाकीच्या आगारप्रमुखांना फोन केला. मिसुझुला त्याचे फक्त तीन शब्द ऐकू आले.

“चूक माझी, कासाइ-सान.”

जुसान तळ्याकाठी प्रवासी शिंपल्यांच्या वाफाळत्या सारावर वाकले असताना ती बाहेर आली.

“तुम्ही खोटं का सांगितलंत?”

“खोटं नाही. चाक माझ्या हातात होतं.”

“तोंड माझं होतं! मी ‘उजवीकडे’ म्हटलं.”

“म्हटलंत. वळवलं कोणी?”

“हा शब्दांचा खेळ झाला. अकरा वर्षांत तुमच्या नावावर ओरखडा नाही, हे काल रात्री फोनवर कासाइ-साननी सांगितलंय मला. तो लौकिक तुम्ही माझ्यासाठी घालवायचा? मला दया नको आहे, त्सुकिदाते-सान. कोणी मागितली होती का?”

“दया नाही ती. तुम्हाला माहीत नाही–” तो थांबला. ओठांवर आलेले काही त्याने गिळले. “जाऊ द्या. सार निवेल तुमचं.”

“निवू दे.”

सार निवले. संध्याकाळपर्यंत दोघे फक्त कामापुरते बोलले, आणि काम नेमके तेवढेच होते.

तिसऱ्या दिवशी ताप्पी भूशिरावर इतका वारा होता की पाठातली वाक्ये तोंडाबाहेर पडताच समुद्राकडे उडून जात. तिथे वरच्या दीपगृहापासून खालच्या बंदरापर्यंत राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि तो तीनशे बासष्ट पायऱ्यांचा आहे. बसने दूरच्या रस्त्याने वळसा घालून खाली यायचे, प्रवाशांनी पायऱ्या उतरायच्या. मिसुझु उतरत होती. दर दहा-बारा पायऱ्यांवर तिला खाली, खूप खाली, घरांच्या आडून निघणारी आणि पुन्हा आड जाणारी बस दिसे. तिने एक वाक्य तयार केले. ते मोडले. दुसरे केले. शेवटच्या पायरीपर्यंत सतरा वाक्ये झाली होती आणि एकही उरले नव्हते.

“काय पाहिलंत?” खाली त्याने विचारले. कालच्या भांडणानंतरही त्याने विचारले.

“पायऱ्या,” ती म्हणाली. “तीनशे बासष्ट.”

त्याने मान डोलावली.

दुपारी स्टेशनवर चौदा जण उतरले. कुरेमात्सुबाई आणि पोस्टमास्तर एकाच फलाटाकडे गेले; बाईंनी मागे वळून मिसुझुकडे अशा नजरेने पाहिले, जणू फळ्यावर अर्धवट सोडवलेले उदाहरण राहिले आहे. रिकामी बस आगारात परतली. शिट्टीवर थांबली. त्सुकिदाते पिशवी घेऊन खाली उतरला. आता बोलायचे होते. आता नाही तर कधीच नाही, हे तिला स्वच्छ ठाऊक होते. हाचिनोहे काही परदेश नव्हे, पण कामाविना कोणी कोणाला भेटायला जाण्याइतके ते जवळही नव्हते.

तिने श्वास घेतला. दोन्ही हात पोटाशी जुळले, मान योग्य त्या कोनात लवली आणि तिच्या तोंडून सुस्पष्ट, सुरेल, न अडखळता शब्द निघाले –

“तीन दिवस आमच्या सेवेचा लाभ घेतल्याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. सेवेत काही उणीव राहिली असल्यास उदार मनाने क्षमा असावी. आपणा सर्वांना निरोप देताना...”

ती थांबू शकली नाही. पाठ संपेपर्यंत थांबला नाही, आणि तो मान लववून शेवटचा शब्द होईपर्यंत ऐकत राहिला.

“फार सुंदर पाठ आहे,” तो हळूच म्हणाला आणि स्टेशनच्या दिशेने गेला. तो दिसेनासा होईपर्यंत ती पाहत राहिली. जाणारे पाहण्याची तिला सवय होती; आज ती सवय काही कामाची ठरली नाही.

*

“ओरखड्याचा अहवाल लागेल,” दुसऱ्या दिवशी आगारप्रमुख कासाइ म्हणाले. “चालकानं चूक कबूल केलीय. तुम्ही फक्त दुजोरा द्या. दहा ओळी पुरेत.”

छापील कागद होता. वेळ, ठिकाण, नुकसान – हे रकाने तिने सुवाच्य अक्षरात भरले. ‘कारण’ या रकान्यापाशी ती थांबली. बाहेर आगाराच्या अंगणात वारा कोणाचीतरी टोपी लोळवत नेत होता. तिथे कोणी समोर उभे नव्हते, मान लववायची नव्हती, आवाज लावायचा नव्हता. कदाचित म्हणूनच लेखणी चालली.

‘गाईड प्रवाशांकडे तोंड करून उभी राहते. त्यामुळे डावा हात उचलून “उजवीकडे” म्हणण्याची तिला सवय आहे. हीच सवय कारण म्हणून देता येईल. परंतु ते खरे कारण नव्हे. समोर तोंड करून रस्ता दाखवणेही गाईडला येते आणि यापूर्वी ते कधी चुकलेले नाही. त्या वेळी गाईड रस्त्याकडे पाहत नव्हती. ती चालकाकडे पाहत होती. आदल्या दिवसापासून ती प्रत्येक ठिकाण चालकाला सांगता यावे म्हणून पाहत होती. चालक परत गेल्यावर ती कोणासाठी पाहणार, हा विचार त्या फाट्यावर तिच्या मनात होता. चालकाचा दोष नाही.’

शेवटचा रकाना होता, ‘पुनरावृत्ती टाळण्यासाठी योजलेला उपाय’. त्यात तिने लिहिले, ‘उपाय सापडलेला नाही.’

कासाइंनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचला.

“हा कागद हाचिनोहेला जाणार, ठाऊक आहे ना? चालकाचा शिक्का लागतो. आणि त्याआधी तिथले प्रमुख वाचणार.”

“ठाऊक आहे.”

“सव्वीस वर्षांत असा अहवाल आला नाही माझ्याकडे.”

“चूक आहे का काही त्यात?”

कासाइंनी विचार केला. “नाही,” ते नाइलाजाने म्हणाले. “व्याकरण तर निर्दोष आहे.”

मग त्यांनी खालच्या चौकटींच्या ओळीत सर्वांत डावीकडे, सहीऐवजी, आपल्या नावाचा लाल शिक्का ताठ उमटवला. मिसुझुने सर्वांत उजवीकडच्या चौकटीत आपला लावला, किंचित डावीकडे कललेला. कनिष्ठाचा शिक्का वरिष्ठाकडे असा झुकलेला असावा, म्हणजे कागदावरही त्याने मान लवविली असे होते, ही कचेरीतली जुनी रीत. मधल्या दोन चौकटी रिकाम्या ठेवून पाकीट टपालात पडले.

सहलींचा हंगाम संपला. इवाकी पर्वत पायथ्यापर्यंत पांढरा झाला. मिसुझु तिकीटखिडकीत बसू लागली. काचेपलीकडून माणसे येत, चार शब्द बोलत आणि जात. पाकीट गेल्यापासून तिने दिवस मोजायचे नाहीत असे ठरवले होते, म्हणूनच तो अकरावा दिवस होता हे तिला ठाऊक होते. तोवर हाचिनोहेत कोणी वाचले असेल, कोण हसले असेल, कोणी तो कागद चहाच्या टेबलावर फिरवला असेल... तिने सगळे पाहून घेतले होते, फक्त त्याचा चेहरा सोडून. तो काही केल्या समोर येत नव्हता.

अकराव्या दिवशी कासाइंनी तिला आत बोलावले. त्यांच्यापुढे तो कागद होता आणि ते संतापलेले होते.

“ही हाचिनोहेची माणसं! आधी म्हणे पुरवणी जोडलीय. वाचा.”

तिच्या मजकुराखाली, कारणाच्या रकान्यात उरलेल्या दोन बोटे जागेत, लहान आणि चौकोनी अक्षरांत लिहिले होते –

‘चालकाची पुरवणी. गाईडचे विधान अपुरे आहे. चालकाने गाईडचा डावा हात पाहिला होता. दोन दिवसांत चालकाला कळले होते, की तिच्या शब्दाचा आणि हाताचा मेळ नसेल तेव्हा हात खरा. रस्ता डावीकडे आहे हे चालकाला ठाऊक होते. तरीही त्याने उजवीकडे वळण घेतले, कारण डावीकडचा रस्ता लवकर संपत होता. चूक चालकाची, असे पूर्वीच सांगितले होते. त्यावर विश्वास ठेवला गेला नाही.’

मिसुझुने ते वाचले. मग, वेगळे काही लिहिले असेल या भीतीने, पुन्हा वाचले.

“आणि वर हा शिक्का बघा!” कासाइ बोटाने चौकट ठोकत म्हणाले. “हाचिनोहेच्या प्रमुखांचा ठीक आहे, रीतीप्रमाणे माझ्याकडे झुकलाय. पण या चालकाचा? डावीकडे झुकायचा तो उजवीकडे झुकलाय! प्रमुखांना चक्क पाठ केलीय. अकरा वर्षं नोकरी झाली माणसाची, त्याला शिक्का मारता येत नाही?”

तिने वाकून पाहिले. ‘त्सुकिदाते’ ही अक्षरे असलेले ते लाल वर्तुळ उजव्या बाजूला, तिच्या चौकटीकडे कलले होते. शेजारी तिचे स्वतःचे, रीतीप्रमाणे डावीकडे कललेले. चार शिक्क्यांच्या त्या ओळीत तेवढेच दोन एकमेकांसमोर मान लववून उभे होते, आणि मध्ये फक्त चौकटीची एक बारीक रेघ होती.

“परत पाठवतो,” कासाइ म्हणाले. “सरळ मारून द्या म्हणावं. टपाल दुपारी जातं.”

“टपालानं नको, साहेब.”

“मग कसं?”

मिसुझुने कागद टेबलावरून उचलला. तिचा आवाज नीट लागलेला नव्हता, आणि पुढचे वाक्य तिला पाठ नव्हते.

“मी जाते,” ती म्हणाली. “आणि शिक्का सरळ करून आणणार नाही.”